डबीरावांशी काडीमोड

मी ज्या कोल्ड क्रीमबरोबर आयुष्य काढलं, त्याचं नाव इथे घेणार नाही. आमच्या आया नवऱ्याचं नाव घेत नसत, तसंच. फारच आग्रह झाला तर उखाण्यात घेईन: गंगेवरच्या गार वाऱ्यात गालांची होते साल, डबीरावांचं नाव घेते, शाबूत राहिले गाल. मुंबईच्या लोकांना यात अतिशयोक्ती वाटेल. पण आमच्या नाशिक जिल्ह्यात निफाड आहे. थंडी पडली की निफाडचा पारा पेपरात छापून येतो, आणि तो आकडा वाचूनच आमचे ओठ फुटायला लागतात.

डबीराव माझ्या आयुष्यात ह्यांच्याही आधी आले. ह्यांना ते माहीत आहे, आणि इतक्या वर्षांत त्यांनी कधी विषय काढलेला नाही. रात्री सगळं आवरलं की झाकण फिरवायचं, बोटाच्या टोकावर मावेल तेवढंच घ्यायचं, कपाळ, नाक, गाल, हनुवटी असे ठिपके द्यायचे आणि मग ते एकमेकांत मिसळून टाकायचे. दिवसातली तेवढी दोन मिनिटं मला कोणी हाक मारत नसे, कारण तोंड पांढरं असलेल्या बाईकडून काही मिळणार नाही हे घरात सर्वांना ठाऊक होतं. डबीरावांना गुलाबाचा म्हणून जो वास येतो तो कुठल्याही गुलाबाला येत नाही, हे मला कळत होतं. पण खऱ्या गुलाबाने तरी माझ्यासाठी असं काय केलंय? डबी संपली की धुऊन हिंगाला, सेफ्टी पिनांना, समईच्या वातींना. आमच्या घरात कुठलीही छोटी वस्तू शोधायची असेल तर आधी चार डब्या उघडाव्या लागतात, आणि चारींतून तोच वास येतो. हिंगाच्या डबीतून मात्र येत नाही. हिंगापुढे कोणाचं काय चालणार!

कुरबुरी होत्याच. मध्ये एकदा डबी बाहेरून होती तेवढीच राहिली, पण बुडाला आतून चांगला खोल खळगा पडला. बोट घातलं की लवकरच टणक काहीतरी लागायचं. पुढे झाकणावर 'नवीन, सुधारित' असं लिहून आलं. म्हणजे आजवर मी बिनसुधारित लावत होते? तरी सोडलं नाही. या वयात कोण सोडतं?

सोडायला लावलं लेकीने. ती पुण्याला नोकरीला आहे. दर महिन्याला घरी येते आणि आल्या आल्या घरातल्या वस्तू उलट्या करून त्यांची पाठ वाचते. बिस्किटांची वाचली, टूथपेस्टची वाचली, आणि मग डबीरावांची पाळी आली.

"आई, तू तोंडाला मिनरल ऑइल लावतेस. पेट्रोलियममधून निघतं ते."

"मग तुझी स्कूटर कशावर चालते?"

"मी ती तोंडाला नाही लावत."

यावर उत्तर नव्हतं. पुढच्या खेपेला तिने एक खोकं आणलं. खाकी पुठ्ठा, वर सुतळी, आत गवतासारखा कागदाचा भुगा आणि त्यात काचेच्या छोट्या बरण्या. बरोबर एक लाकडी चमचा, बाहुलीच्या भातुकलीतला वाटावा असा. बोट घालायचं नाही, या चमच्याने घ्यायचं. जन्मभर ज्या बोटाने कुंकू लावलं, ते बोट एकाएकी अस्वच्छ ठरलं. बरणीवर बदाम, कोरफड, केशर, चंदन अशी चित्रं होती. त्यांतली निम्मी नावं मी आजवर फक्त दिवाळी-संक्रांतीच्या यादीत लिहिली होती. किंमत तिने खोडून आणली होती. भेटवस्तूची किंमत खोडतात ते सौजन्याने, असा माझा समज होता. ही दयेपोटी खोडली होती.

ते क्रीम वाईट नव्हतं. पण त्याला वासच नव्हता, किंवा होता तो डाळीच्या डब्यासारखा. शिवाय ते तीन महिन्यांत संपवायचं होतं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं होतं. आता महाग वस्तू मी तीन महिन्यांत कशी संपवणार? महाग वस्तू पुरवून वापरायची असते. केशर आपण काडी मोजून घालतो. मी चमच्याच्या टोकावर येईल तेवढंच घेत राहिले, आणि मुदत संपली तेव्हा बरणी अर्धी होती. मग आमच्या घरचा जुना नियम लागू झाला: तोंडाला चाललं नाही ते टाचांना. आतापावेतो लेकीने आणलेली बदामाची, डाळिंबाच्या बियांची आणि कसल्याशा मोरोक्कोच्या तेलाची उत्पादनं याच वाटेने गेली. माझ्या टाचा सध्या कोणालाही दाखवण्यासारख्या आहेत. कोणी मागत नाही, एवढंच.

डबीरावांची बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून मी त्यांचं कूळ शोधत गेले. घराणं भलतंच मोठं निघालं. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन नावाचा मोठा वैद्य होता. मधमाश्यांचं मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेला त्याचा लेप म्हणजे कोल्ड क्रीमचा मूळपुरुष. अंगावर चोळलं की त्यातलं पाणी उडून जातं आणि गार वाटतं, म्हणून ते कोल्ड. मेण, तेल, गुलाबपाणी. लेकीच्या खाकी खोक्यात बसवलं असतं तर कोणी ओळखलंही नसतं. पुढे युरोपातल्या औषधवाल्यांनी मेणाऐवजी देवमाशाच्या डोक्यात सापडणारा मेणासारखा पदार्थ वापरायला सुरुवात केली. तोही शंभर टक्के नैसर्गिकच. फक्त देवमाशाला कोणी विचारलं नव्हतं. खनिज तेल त्याच्या बरंच नंतर आलं, आणि आलं त्याचं कारण साधं होतं: ऑलिव्हचं किंवा बदामाचं तेल काही दिवसांनी खवट होतं, हे होत नाही. घराणं चांगलंच होतं, मधल्या एका पिढीने धंदा बदलला, एवढंच काय ते.

आपल्याकडचा शृंगाराचा बाजारही काही आजचा नाही. 1919 साली मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी अफगाण स्नो काढला. माझ्या आईच्या लग्नातल्या ट्रंकेत त्याची निळसर बाटली होती आणि आजीच्या मते ती ट्रंकेतच राहायला हवी होती. 'स्नो-पावडर करणारी' हे तेव्हा वर्णन नव्हे, आरोप होता. मग 1952 साली टाटांनी लॅक्मे सुरू केलं. नाव एका फ्रेंच ऑपेराचं, आणि त्या ऑपेरातली लॅक्मे म्हणजे आपली लक्ष्मीच, पॅरिसला जाऊन आलेली. त्याच वर्षी परळला केशव विष्णू पेंढरकरांनी विको सुरू केलं. एका बाजूला फ्रेंच लक्ष्मी, दुसऱ्या बाजूला पेंढरकर. मराठी बाईने या दोघांच्या मध्ये उभं राहून सगळा जमाखर्च सांभाळला आहे.

विकोच्या हळदीच्या क्रीमचं प्रकरण तर मला फार आवडतं. हे सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं वाद चालला, कारण प्रसाधनाला कर जास्त आणि औषधाला कमी. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर औषध ठरलं. म्हणजे बाईने तोंडाला हळद लावावी ती बरं दिसावं म्हणून की बरं वाटावं म्हणून, या प्रश्नावर देशातल्या थोर वकिलांनी विचार केलेला आहे. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, दोन्ही. पण तेवढ्यावर कर कसा लावणार?

लेकीचं म्हणणं असं की पूर्वीच्या बायका सगळं नैसर्गिकच वापरायच्या आणि म्हणून त्यांचे केस गुडघ्यापर्यंत यायचे. ती पूर्वीची बाई म्हणजे माझी आई. तिचे केस खरंच लांब होते. पण ते धुवायचे कसे, हे लेकीला माहीत नाही, कारण त्या केसांचा फोटो आहे, धुण्याचा नाही.

सांगलीला माझ्या माहेरी रविवार हा न्हाण्याचा वार. त्याची सुरुवात मात्र दोन महिने आधी. शिकेकाईच्या शेंगा आणायच्या, गच्चीवर वाळत घालायच्या, माकडांपासून राखायच्या, बिया काढायच्या. रिठे फोडायचे. आवळकाठी, नागरमोथा, गवला कचरा, मेथ्या, संत्र्याच्या साली, हे सगळं निवडून ठेवायचं. गिरणीवाला शिकेकाई लवकर घेत नसे, कारण तिच्यामागून ज्याचं पीठ दळलं जाईल तो भांडायला येई. रात्री अगदी शेवटी, गिरणी बंद करण्याआधी तो ती दळून देई, तेही तोंडाला फडकं बांधून. मग शनिवारी रात्री भिजत घालायची, पहाटे उकळायची, पंच्यातून गाळायची. बंब पेटवायचा. आई एकेकीला पाटावर बसवून न्हाऊ घाली, आणि डोळ्यांत शिकेकाई गेली की आमचं रडणं सुरू होई. 'डोळे मिट' असं आई म्हणे तोपर्यंत ती गेलेली असे. सगळ्यांत शेवटी ती स्वतः न्हायची. तिच्या केसांना वाळायला दुपार लागायची, आणि ओल्या केसांनीच ती स्वयंपाकाला उभी असायची.

ऐंशीच्या दशकात शॅम्पूच्या पुड्या आल्या. कोपऱ्यावरच्या दुकानात माळेसारख्या लटकत. आईने आधी नाक मुरडलं, मग एका रविवारी एक पुडी आणली. त्या दिवशी आम्हा सगळ्यांचं न्हाणं उरकून, स्वतःचं आटोपून ती सकाळी नऊला ओट्याशी नव्हती. पुढच्या खोलीत पाय पसरून पेपर वाचत बसली होती. रविवारची पुरवणी तिच्या हातात मी त्याआधी पाहिल्याचं मला आठवत नाही. आजी आतून विचारत होती, झालं का गं सगळं? आणि आई पेपरातून मान वर न काढता म्हणाली, हो.

त्या पुडीत काय काय रसायनं होती ते मला माहीत नाही. ती पुरवणी मात्र त्या पुडीतूनच आली होती. आता लेकीच्या आवडीची कंपनी मला तीच शिकेकाई काचेच्या बाटलीत घालून विकते आहे, आणि बाटलीवर पाटा-वरवंट्याशी बसलेल्या, नथ घातलेल्या, हसऱ्या बाईचं चित्र आहे. पाट्यावर वाटताना हसणारी बाई मी तरी आमच्या घराण्यात पाहिलेली नाही.

तसे आपण अगदीच निसर्गविरोधी नाही. नरक चतुर्दशीला पहाटे सगळा महाराष्ट्र उटणं लावतो. वाळा, कचोरा, आंबेहळद, मुलतानी माती, नागपुरी संत्र्याची साल. उटण्याने अंग स्वच्छ होतं यावर आपली श्रद्धा आहे. आणि ते धुऊन झालं रे झालं की लगेच मोती साबण. श्रद्धा आपल्या जागी, पण साबण लागल्याशिवाय आंघोळ झाल्यासारखं वाटत नाही. माझ्या मते सौंदर्याबाबत मराठी माणसाचं हे सगळ्यांत प्रामाणिक वागणं आहे.

आणि निसर्गाचं म्हणाल तर बिब्बाही सेंद्रियच असतो. खाजकुइलीत तर एकही रसायन कोणी मिसळलेलं नाही. आमच्या शेजारच्या वहिनींनी कुठेसं वाचून तोंडाला लिंबाचा रस चोळला आणि तशाच उन्हात मंगळागौरीच्या खरेदीला गेल्या. लिंबाच्या रसात अशी काही द्रव्यं असतात की ती अंगावर असताना ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते. वहिनींनी ती मंगळागौर पदर पुढे ओढून काढली.

मग मीही बाटल्यांची पाठ वाचायला शिकले. लेकीने शिकवलं, आता भोगते. आपल्याकडचा 2020 चा नियम असा आहे की जो घटक जास्त तो आधी लिहायचा, आणि जे एक टक्का किंवा त्याहून कमी ते शेवटी कुठल्याही क्रमाने. त्या बरणीत सगळ्यांत आधी होतं पाणी. डबीरावांच्या नव्या भावंडांतही पहिलं पाणीच. केशर अगदी शेवटच्या ओळीत. चित्रात मात्र ते बरणीच्या अर्ध्या अंगावर पसरलेलं. युरोपात सेंद्रिय प्रसाधनांसाठी कॉसमॉस नावाची एक प्रमाणपद्धती आहे. तिच्या हिशेबात पाणी सेंद्रिय धरलंच जात नाही, कारण ते शेतात पिकत नाही. म्हणून तोंडाला लावून ठेवायच्या क्रीममध्ये एकूण मालाच्या वीस टक्के सेंद्रिय असलं तरी चालतं. मी हे लेकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, तू माझ्यापेक्षा जास्त वाचायला लागलीस." तिच्या आवाजात कौतुक होतं की काळजी, ते ओळखता आलं नाही.

शेवटी तहाचा प्रस्ताव मीच मांडला. विकतचं सेंद्रिय नको, मी घरी करते. आयुर्वेदात शतधौत घृत म्हणून आहे. तूप तांब्याच्या भांड्यात पाण्याबरोबर फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, नवं घालायचं, असं शंभर वेळा. भाजलं, आग झाली तर लावतात. लेकीला नाव ठाऊक होतं, कारण तेही हल्ली सुतळी बांधून मिळतं.

साजूक तूप घरचंच होतं. पूजेचं मोठं ताम्हण घेतलं, त्यात तूप, वर गार पाणी, आणि तांब्याच्या बुडाने घोटायला लागले. सुरुवातीला तूप निसटत राहतं, पाण्याखाली जाऊन बसतं, कडेने चढतं. पिवळट, कणीदार, हट्टी. मग हळूहळू ते पाणी धरायला लागतं. रंग उतरतो. तांब्याखालचा खरखर आवाज मऊ होत जातो, आणि पुढे पुढे तर फक्त चुबुक चुबुक असं येतं. तुपाचा वास प्रत्येक पाण्याबरोबर थोडा थोडा निघून जातो. मोजायचं काम ह्यांच्याकडे दिलं होतं. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी देवघरातली तुळशीची माळ आणली आणि दर पाण्याला एक मणी ओढत बसले. माझा उजवा हात खांद्यापासून गळून पडायला आला तेव्हा म्हणाले, "मेरुमणी आला." माळ एकशे आठाची असते, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. वरची आठ पाणी देवाला.

ताम्हणात जे उरलं होतं ते पांढरंशुभ्र होतं. लोण्याहून हलकं, हाताला गार. हाताच्या मागच्या बाजूला लावून पाहिलं तर चोळताच आत गेलं आणि गारवा मागे राहिला. आणि तेव्हा लक्षात आलं की हे म्हणजे तेलात कोंडलेलं पाणी. गेलनने ऑलिव्हच्या तेलात कोंडलं, आपल्या वैद्यांनी तुपात, आणि डबीरावांच्या कारखान्याने खनिज तेलात. काडीमोड घेऊन मी त्यांच्याच चुलतघरात पाट लावला होता.

तूप लेकीला फार आवडलं. डबीराव कपाटात वरच्या फळीवर आहेत. त्यांना कोणी हाकललेलं नाही, आणि कडाक्याच्या थंडीत मी स्टूल घेऊन वर चढते हे ह्यांनी पाहिलेलं आहे. पण लेकीने बरणीचा फोटो मैत्रिणींना पाठवला, आणि आठवड्याभरात एकीचा फोन आला. "काकू, मला पण हवंय. अगदी हँडमेड, तुम्ही केलंय तसंच. पैसे सांगा हं, फुकट नको."

हे ऐकून ह्यांनी लगेच जुन्या डायरीचं मागचं पान उघडलं. तूप, इतके. बरणी, इतके. पाणी महापालिकेचं, ते सोडून दिलं. मग पेन थांबवून म्हणाले, "मजुरी कुठल्या दराने लावू? कुशल, अर्धकुशल, अकुशल?"

"कुशल," मी म्हटलं. उजवा खांदा अजून दुखत होता.

बेरीज केली तेव्हा तो आकडा पाहून आम्ही दोघंही जरा गप्प झालो. लेकीने खोडून आणलेली ती किंमत किती असेल, याचा मी पहिल्यांदाच सहानुभूतीने विचार केला. तरी फोन लावला आणि आकडा सांगितला.

पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग मुलगी म्हणाली, "काकू, ऑनलाइन याच्यापेक्षा स्वस्त आहे हो."

"त्यांच्याकडे मशीन असेल गं."

"शी! मशीनचं नकोय मला. हातानं केलेलंच हवंय." ती जरा घुटमळली. "थोडं कमी करा ना, काकू."

डायरी मांडीवर घेऊन बसलेल्या ह्यांनी चष्मा वर केला आणि हळूच विचारलं, "अर्धकुशल लावू का?"